जबड्याचं दुखणं आणि मनाचा आजार: गोळ्या थांबवण्याआधी तारखा पाहा

प्रश्न एका बहिणीचा आहे. तिच्या ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. भ्रम आवरणारं रिस्पेरिडोन आणि त्याने येणारा ताठरपणा, थरथर रोखणारी पॅसिटेन ही गोळी चालू आहे, पाचेक महिन्यांपूर्वी उदासीनतेसाठी सर्ट्रालीनची भर पडली. गेल्या चार महिन्यांपासून त्याच्या डाव्या कानापुढे दुखतं, तोंड उघडताना कट असा आवाज येतो, भाकरी चावत नाही, रात्री तो दात खातो. "माझ्या जबड्यात कुणीतरी यंत्र बसवलंय" असं तो म्हणतो. दंतवैद्य म्हणाले, हे मानसिक आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, दाताच्या डॉक्टरांना दाखवा. बहीण विचारते: हे नेमकं कशाचं? रात्री दातांवर प्लास्टिकचं कव्हर बसवावं का? आणि गोळ्या बंद करून पाहाव्यात का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घाईत तिथेच नुकसान होतं. गोळ्या बंद करू नका. रिस्पेरिडोन अचानक थांबवलं तर आजार उलटण्याची भीती आहेच. शिवाय जबड्याची काही विचित्र हालचाल औषधामुळे सुरू झालेली असेल, तर औषध एकदम तोडल्यावर ती जास्त उफाळून येते. सर्ट्रालीनही स्वतःहून तोडायचं नाही. गोळी बदलायची की कमी करायची हा निर्णय होऊ शकतो, पण तो मानसोपचारतज्ज्ञांनी घ्यायचा.

दुसरी गोष्ट यंत्राची. यंत्र नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यावरून दुखतही नाही असं ठरवू नका. स्किझोफ्रेनिया असलेला माणूस बरेचदा दुखणं इतरांपेक्षा कमी सांगतो, उशिरा सांगतो, आणि सांगतो तेव्हा त्याच्या भ्रमाच्या भाषेत सांगतो. कानापुढे काहीतरी कट्‌ वाजतंय, अडकतंय, रात्री आपोआप आवळलं जातंय, याला त्याच्या मनाने लावलेला अर्थ म्हणजे यंत्र. मुख व दंतरोगाच्या विभागात काम करताना मनोविकार विभागातून आलेले अनेक रुग्ण मी तपासले. "जबड्यात काहीतरी घातलंय" म्हणणाऱ्यांच्या तोंडात किडलेली दाढ, सुजलेली अक्कलदाढ, सरकलेली सांध्याची चकती असं खरोखरचं काहीतरी बऱ्याच वेळा सापडतं. फाइलवर मनोविकाराचं निदान लिहिलेलं दिसलं की तपासणारा हात आखडतो, ही आमच्या व्यवसायातली जुनी खोट आहे, आणि तिचा त्रास तुमच्या भावासारख्यांना होतो.

आता सांध्याबद्दल थोडंसं. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचा गोल माथा आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. ती थोडी पुढे घसरली की तोंड उघडताना माथा तिच्यावर चढतो आणि कट्‌ आवाज येतो. असा आवाज चांगल्या धडधाकट माणसांतही पुष्कळांना येतो. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर नुसत्या आवाजावर उपचार करायची गरज नाही. लक्ष ठेवायचं ते याच्या उलट प्रसंगावर: बरेच दिवस येणारा आवाज एकाएकी थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड अर्धंच उघडायला लागलं, तर सांधा बरा झालेला नाही, चकती पुढे अडकून बसली आहे. प्रौढ माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. घरी मोजायचं तर त्याचीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. दोनच जात असतील तर आठवड्याभरात दाखवा.

मनाचा गंभीर आजार असलेल्यांत हे दुखणं जास्त दिसतं. इस्रायलमधल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसोपचार घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के जणांचे दात अवाजवी झिजलेले आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत हे प्रमाण २० टक्के होतं. सांधा आणि चावण्याचे स्नायू दाबल्यावर दुखणंही रुग्णांमध्ये जास्त होतं. कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. ताण आणि अस्वस्थता, बिघडलेली झोप, दिवसभर तंबाखू किंवा सुपारी चघळणं, पडलेल्या दाढांमुळे एकाच बाजूने चावणं, आणि या सगळ्यांवर औषधं.

औषधांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे आणि ते तारखांमध्ये आहे. जबड्याचा त्रास केव्हा सुरू झाला आणि त्याच्या आधी कुठली गोळी सुरू झाली किंवा वाढली, हे शेजारी शेजारी लिहून काढा.

त्रास औषध सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून तासाभरात ते चार-पाच दिवसांत आला असेल तर तो बहुधा स्नायूंचा तीव्र आचका असतो, डॉक्टर त्याला अक्यूट डिस्टोनिया म्हणतात. हॅलोपेरिडॉल, फ्लुफेनाझिन, ट्रायफ्लुओपेराझिन यांसारख्या जुन्या औषधांनी तो जास्त होतो, तरुण पुरुषांत जास्त. रिस्पेरिडोननेही होऊ शकतो. मान एका बाजूला वळते, डोळे वर खेचले जातात, जीभ बाहेर येते, दातखीळ बसते किंवा उलट तोंड उघडून तसंच राहतं.

असाच एक विशीतला मुलगा रात्री आमच्याकडे आणला होता. दोन दिवसांपूर्वी त्याला हॅलोपेरिडॉलचं पहिलं इंजेक्शन मिळालं होतं. तोंड सताड उघडं, हनुवटी पुढे आलेली, लाळ शर्टावर गळत होती, बोलता येत नव्हतं. डोळ्यांत भीती स्पष्ट होती, म्हणजे मुलगा पूर्ण शुद्धीवर होता. वडील सांगत होते, आजार डोक्यात चढला. कानापुढे बोट ठेवलं तर दोन्ही बाजूंना जिथे हाड लागायला हवं तिथे खळगा लागत होता: जबडा दोन्हीकडून निखळला होता आणि गालाचे स्नायू ताठ आवळलेले होते. अशा वेळी जबडा दाबून बसवायला गेलं तर बसत नाही, आणि बसला तरी पुन्हा निखळतो, कारण ज्या आचक्याने तो निखळला तो आचका तसाच असतो. म्हणून आधी स्नायूत प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं, म्हणजे आपल्याकडचं फेनर्गन. अर्ध्या तासाच्या आत गाल सैल पडले. मग अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या दाढांच्या मागच्या कडेवर ठेवले, आधी खाली आणि मग मागे दाबलं, जबडा फारशा जोराशिवाय जागेवर गेला. मुलाचा पहिला शब्द "पाणी" होता. त्याच रात्री मानसोपचार विभागाशी बोलून औषध बदललं आणि पुढचे काही दिवस आचका रोखणारी गोळी दिली. डोक्याभोवतून हनुवटीला पट्टी बांधली आणि जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरायला शिकवलं.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण घरोघरी हा प्रसंग आजार वाढला किंवा बाधा झाली म्हणून चुकीचा वाचला जातो, आणि त्यापायी माणूस औषधांनाच कायमचा घाबरतो. उलटीवर देतात त्या मेटोक्लोप्रामाइडने आणि चक्करेवर देतात त्या प्रोक्लोरपेराझिननेही हाच आचका येतो, मनाचा कुठलाही आजार नसलेल्या माणसालाही. सोबत श्वास घेताना घर्घर आवाज येत असेल, घसा आवळल्यासारखं वाटत असेल, तर एक मिनिटही न थांबता १०८ ला फोन करायचा.

दुसरा प्रकार सावकाश येतो. महिने-वर्षं औषध घेतल्यावर ओठ मुडपणं, जीभ आतबाहेर होणं, काही तोंडात नसताना चघळल्यासारखा जबडा हलणं सुरू होतं. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. गंमत अशी की बहुतेकदा घरच्यांना दिसतं आणि रुग्णाच्या ध्यानीही नसतं. जबडा दिवसभर आडवा हलत राहिला की सांधा दुखतो, दात झिजतात, जिभेला जखमा होतात, कवळी जागेवर राहत नाही. उलटही घडतं: सैल कवळी जिभेने सावरत बसणाऱ्या वृद्धाची हालचाल औषधाची समजली जाते. म्हणून कवळी असेल तर आधी ती नीट बसते का ते पाहावं.

ही हालचाल तपासायची एक साधी रीत आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेल्या एम्स (AIMS) नावाच्या, अशा हालचाली मोजायच्या तक्त्यात ती आहे. त्याला हात गुडघ्यांवर ठेवून खुर्चीत सरळ बसवा, तोंडात काही नाही ना ते पाहा. तोंड उघडून जीभ आतच निवांत ठेवायला सांगा आणि बघा ती वळवळते का. मग अंगठ्याने त्याच हाताच्या एकेका बोटाला भराभर टेकवायला सांगा, दहा-पंधरा सेकंद एक हात, मग दुसरा. लक्ष बोटांवर गेलं की चेहऱ्याची दबलेली हालचाल उघडी पडते. मोबाइलवर चित्रण करून ठेवा, त्याला सांगून, त्याच्या परवानगीने. तुमच्या भावाच्या बाबतीत अशी हालचाल दिसली तर पॅसिटेन वाढवून ती जाणार नाही; या प्रकारात पॅसिटेनने ती वाढू शकते. मानसोपचारतज्ज्ञ मूळ औषध बदलू शकतात किंवा टेट्राबेनाझिनसारखं औषध देऊ शकतात. टेट्राबेनाझिनने उदासी वाढते, आणि तुमचा भाऊ आधीच उदासीनतेवर औषध घेतोय, हे त्यांना आठवणीने सांगा.

तिसरा प्रकार म्हणजे दात खाणं, आणि माझा पहिला संशय इथेच आहे. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या उदासीनतेवरच्या औषधांनी काही जणांत दात आवळणं आणि खाणं सुरू होतं, बहुधा औषध सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून काही आठवड्यांत. तुमच्याकडे सर्ट्रालीन पाच महिन्यांपूर्वी आणि दुखणं चार महिन्यांपूर्वी. रिस्पेरिडोन मात्र कित्येक वर्षं त्याच डोसवर आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. एवढ्यावरून शिक्कामोर्तब होत नाही, पण चौकशीची दिशा ठरते. दोन गोष्टी घरी पाहा. झोपेत दातांचा करकर आवाज येतो का? टार्डिव्हची हालचाल झोपेत थांबते, दात खाणं झोपेतच जोरात चालतं. आणि दुखणं सकाळी उठल्यावर जास्त असतं की संध्याकाळी? सकाळी जास्त असेल तर रात्रीचं दात खाणं. संध्याकाळी वाढत असेल तर दिवसा नकळत दात आवळणं किंवा हालचाल. सर्ट्रालीनचं कारण निघालं तर डॉक्टर डोस कमी करून पाहतात, औषध बदलतात किंवा बुस्पिरोन हे चिंतेवरचं औषध जोडतात. बुस्पिरोनने अशा रुग्णांचं दात खाणं थांबल्याच्या नोंदी आहेत.

आता जे सुटता कामा नये ते. तोंड कमी उघडतं म्हणजे सांधाच बिघडला असं नाही. आपल्याकडे यातलं सगळ्यात मोठं कारण सुपारी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा, मावा, सुपारी गल्लोगल्ली मिळतात, आणि मनाचा आजार असलेल्या पुष्कळांचा दिवस त्यावरच जातो. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, चामट होतं, तिखट लागलं की आग होते, तोंड वर्षागणिक आक्रसत जातं. सांध्याजवळ मात्र दुखत नाही. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून भाऊ सुपारी खात असेल तर गालाची आतली बाजू बोटाने चाचपून तपासायला सांगा. अर्धवट आलेली, पू धरलेली अक्कलदाढही तोंड बंद पाडते. जबडा ताठ, अंग ताठ, सोबत ताप आणि भान हरपलेलं, असं चित्र औषधांवरच्या रुग्णात दिसलं तर ते औषधाचं जीवघेणं रिअॅक्शन असू शकतं; त्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसली तर धनुर्वाताचा विचार आधी. आणि मारहाण किंवा पडणं झालंय का, हे एकांतात, न रागावता विचारा. जबड्याचं जुनं फ्रॅक्चर महिनोन्‌महिने कुणाला न सांगितलेलं मी पाहिलं आहे.

विजेचा उपचार, म्हणजे ईसीटी, घेणाऱ्यांच्या घरच्यांनाही दोन शब्द. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी आहे. तरीही करंट गालाच्या स्नायूंना थेट लागतो, त्यामुळे जबडा आवळला जातोच, म्हणून दातांमध्ये रबरी ठोकळा ठेवतात. नंतर एक-दोन दिवस जबडा दुखला तर घाबरू नका. आधीपासून सांधा निखळत असेल किंवा दात हलत असतील तर ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

तपासणीची एक बाजू बोलली जात नाही, ती म्हणजे माणसाला कसं हात लावायचा. ज्याला वाटतं की आपल्या जबड्यात काही घातलंय त्याच्या तोंडात न सांगता हात घालणं चूक आहे. मी आरसा त्याच्याच हातात देतो, काय करणार ते आधी सांगतो, आणि हात वर केला की थांबायचं असं ठरवतो. एक्स-रे काढायचा तर त्याला दाखवतो. पण "बघ, यंत्र नाही" असा वाद घालत नाही. "इथे सांधा सुजलाय, त्याने दुखतंय, त्यावर आपण काम करू" एवढं पुरतं. दंतवैद्य शोधताना हे ऐकून घेणारा शोधा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच किंवा जवळपास दंत महाविद्यालय असेल तर उत्तम, कारण तिथे मुखरोग आणि मनोविकार अशा दोन्ही विभागांत एकाच दिवशी दाखवता येतं. "आधी मनाचं बरं करून आणा" असं कुणी म्हटलं तर २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१ सांगता येईल: मनाचा आजार असलेल्या माणसाला सगळ्या आरोग्यसेवांत शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे.

उपचार बहुतेकदा साधे असतात. मऊ जेवण द्या: वरण-भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी. चिक्की, ऊस, कणीस, सुपारी बंद. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं ओला गरम शेक. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकवायचं, ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे. तीच जीभ तशी ठेवून हळूहळू तोंड उघडायचं, सहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. असं तोंडी सांगून तो विसरेल, तेव्हा गोळ्यांच्या वेळेशी जोडा: गोळी घेतली की व्यायाम. त्याच्यासोबत तुम्हीही करा. जबड्याच्या जुन्या दुखण्यावर २०२३ साली बीएमजे नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांनीही व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणं आणि वर्तनोपचार यांना पुढे ठेवलं आहे. दात थोडे झिजवून वरखालच्या दातांची बैठक "बरोबर" करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. झिजवलेला दात परत येत नाही.

वेदनाशामकांची मात्र काळजी घ्या. दुकानातून आणलेल्या "अंगदुखीच्या" गोळीत बरेचदा अॅसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक असतं. सर्ट्रालीनसोबत त्याने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल तर सर्ट्रालीनसोबत टाळावंच, आकडी आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा अतिरेक दोन्ही होऊ शकतात. तुमच्या भावाला पॅरासिटामॉल बरं, किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून. आणि ज्यांच्या घरी कुणाला मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू आहे त्यांनी लक्षात ठेवा: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरणं, जुलाब, झोक जाणं, बोबडं बोलणं दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. दाढ दुखते म्हणून चार दिवस घेतलेली साधी गोळीही हे करू शकते, आणि दंतवैद्याला लिथियमचं कुणी सांगितलेलंच नसतं.

राहिला प्रश्न कव्हरचा. बसवायला हरकत नाही, पण काही गोष्टी आधी सांगायला हव्यात. त्याने दात झिजायचे वाचतात; दात खाण्याची सवय त्याने जात नाही, दुखणं कमी होईलच अशीही खात्री नाही. मऊ प्लास्टिकचं घेऊ नका, जोरात दात खाणारा ते चावून फाडतो आणि तुकडा घशात जाऊ शकतो. माप घेऊन केलेलं, पूर्ण दंतपंक्ती झाकणारं कडक अॅक्रिलिकचं करून घ्या. त्याला आकडी येत असेल, गिळायला त्रास असेल किंवा जबड्याचा आचका येत असेल तर कव्हर नको. आणि ते त्याने स्वतः हवं म्हटल्याशिवाय बसवू नका. ज्याला जबड्यात यंत्र असल्याचा संशय आहे त्याच्या तोंडात रात्री आपणच एक वस्तू घालणं हा संशय पक्का करणं ठरेल. आधी सर्ट्रालीनबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, महिनाभर शेक आणि व्यायाम करा, तीन बोटांचं माप दर रविवारी लिहून ठेवा. तेवढ्यात दुखणं निम्म्यावर आलं तर कव्हरची गरज पडणार नाही.